कामावर सायकलने जाऊ, आणि रस्ताही मागून घेऊ

सकाळी नऊच्या सुमाराला स्वारगेटच्या जेधे चौकात उभे राहिले की पुण्याचे दुखणे वेगळे सांगावे लागत नाही. एका बाजूला एसटी स्टँड, दुसरीकडे पीएमपीच्या गाड्या, वर उड्डाणपूल, जमिनीखाली मेट्रो आणि मधल्या प्रत्येक फटीत दुचाकी. जनता वसाहत, दांडेकर पूल, लक्ष्मीनगर, डायस प्लॉट, गुलटेकडी अशा वस्त्यांतले आपले लोक याच गर्दीतून कामाला जातात. कुणी मार्केट यार्डात, कुणी दवाखान्यात, कुणी झाडूकामाला, कुणी वॉचमन म्हणून. यातल्या पुष्कळांचे कामाचे ठिकाण घरापासून पाच-सहा किलोमीटरच्या आतच असते. तरीही दारात हप्त्याची गाडी उभी असते.

आम्ही वस्त्यांत आरोग्याचे काम करतो. दुचाकी सोडून कामावर सायकलने जाणे हा आमच्यातल्या काहींचा रोजचा शिरस्ता झाला आहे. आमचे मत असे की ज्याला जमण्यासारखे आहे त्याने हा बदल करावा आणि त्याचबरोबर सुरक्षित रस्ता हक्काने मागावा. यातले एकच केले तर काम अर्धे राहील.

पहिली अडचण रस्त्याची नाही, मनाची आहे. "सायकलवर गेलो तर लोक काय म्हणतील?" हा प्रश्न वस्तीत हमखास येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पुणे एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आपल्या आजोबा-वडिलांच्या पिढीने खडकीच्या कारखान्यांपर्यंत सायकली दामटल्या, पण त्या नाइलाजाने. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या खाली बघून चालावे लागले, त्यांच्या घरात पहिली गाडी आली तेव्हा तिला हार घातला गेला, पेढे वाटले गेले. तो आनंद खरा होता. मात्र मान गाडीने मिळत असता तर हप्ता थकल्यावर फायनान्सवाल्याचा माणूस दारात येऊन तो घालवू शकला नसता. आपला मान शिक्षणात आहे, स्वतःच्या पायावर उभे राहण्यात आहे.

आता शरीराचे बघू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. हे श्रीमंतांचे आजार राहिलेले नाहीत. वस्तीत तर ते उशिरा कळतात. पायाची जखम चिघळली किंवा अर्धांगवायूचा झटका आला की मग. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. जिमला पैसे नाहीत, बागेत फिरायला वेळ नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण सहा किलोमीटर सायकलला साधारण अर्धा तास लागतो. जाऊन-येऊन तासभर, आठवड्यातून पाच दिवस म्हणजे ३०० मिनिटे झाली. कामावर जायचेच असते, त्यातच व्यायाम होऊन जातो.

पैशाचा हिशोबही मांडून बघा. रोज १२ किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस म्हणजे ३१२ किलोमीटर. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर सात लिटर पेट्रोल, म्हणजे सातशे रुपयांच्या आसपास. त्यात हप्ता, विमा आणि सर्व्हिसिंग वेगळे. गाडी विकाच असे आमचे म्हणणे नाही. पण रोजची फेरी सायकलवर गेली तरी बीपीच्या गोळ्या आणि लेकराच्या वह्या त्यातून निघतात.

सुरुवात मात्र बेताने करावी. चाळिशी ओलांडलेल्यांनी आधी रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी. हृदयविकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी उपाशीपोटी सायकल चालवू नये. खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी आली की थांबून ती खावी. छातीत दुखले किंवा दम कोंडला तर बसून घ्यावे आणि १०८ ला फोन करावा. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनच दिवस पुरे. स्वारगेटहून कात्रजकडे चढ आहे. दम लागला तर उतरून चालण्यात कमीपणा नाही. सीट इतकी उंच ठेवा की पेडल खाली गेल्यावर गुडघा किंचितच वाकलेला राहील, नाहीतर गुडघे बोलू लागतात. दोन्ही ब्रेक, घंटी, मागचा लाल दिवा आणि हेल्मेट हवेच. उड्डाणपुलावर जाऊ नका. जेधे चौक सायकल हातात धरून, पायी ओलांडा.

बायकांचा प्रश्न वेगळा आहे. आपल्या कितीतरी भगिनींना लहानपणी सायकल शिकूच दिली नाही, आणि आता चाळिशीत मैदानावर जायची लाज वाटते. पहाटे झाडूकामाला निघणारी किंवा रात्रपाळी करून परतणारी बाई अंधाऱ्या रस्त्यावर एकटी सायकल चालवणार कशी? तिला "हिंमत कर" एवढेच सांगून भागणार नाही. तिथे दिवे आणि वर्दळ हवी, सोबतीला चार जणी हव्यात. साडीचा पदर, ओढणी चाकात जाऊ नये म्हणून मागच्या चाकाला जाळी बसवून घ्या.

आणि आता रस्ता. २००६ साली कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी आली, तेव्हा कडेने सायकल मार्गही आखले गेले. आज त्यांतले काही तुटलेले आहेत, काहींवर गाड्या उभ्या असतात. २०१७ साली महापालिकेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाईलवरून भाड्याने मिळणाऱ्या सायकली आल्या आणि दोन-तीन वर्षांत दिसेनाशाही झाल्या. आराखडा कागदावर असताना कष्टकऱ्याला "सायकल चालव" म्हणायचे आणि ट्रकच्या बाजूला सोडून द्यायचे, ही फसवणूक आहे.

संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट यांच्यासोबत रस्त्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी पैशातून राखलेल्या या जागा वापरायला धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणालाही अडवता येणार नाही. सायकलवाल्याची अडचण त्या कलमात बसते असे आम्ही म्हणत नाही. पण सार्वजनिक पैशाची वस्तू सर्वांची, हा धडा आपण १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर घेतला आहे. चारचाकीवाल्याइतकाच सायकलवाल्याचा आणि पायी चालणाऱ्याचाही या रस्त्यावर हक्क आहे.

म्हणून विहारात रविवारी वंदना झाल्यावर तीन कामे हाती घ्यावीत. महिन्यातून एकदा रक्तदाब-साखर तपासणी ठेवावी. मैदानावर बायकांसाठी सायकल शिकवणी सुरू करावी, शिकवायला वस्तीतल्याच मुली पुढे येतील. आणि आपल्या वस्तीपासून कामाच्या ठिकाणापर्यंतच्या रस्त्यावर कुठे खड्डा आहे, कुठे दिवा नाही, कुठे सायकल मार्ग अडवला आहे, याची यादी करून सह्यांसह क्षेत्रीय कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. स्वारगेट मेट्रो स्टेशनपाशी सायकल लावायला सुरक्षित, फुकट जागा हवी, हेही त्या अर्जात लिहावे. उत्तर आले नाही तर पुढच्या महिन्यात जास्त सह्या घेऊन पुन्हा जावे.

जयभीम.