पुण्याची न झालेली पोटनिवडणूक

मी गणिताचा मास्तर. महापालिकेच्या शाळेत बत्तीस वर्षं काढली आणि त्यातल्या बहुतेक निवडणुकांत ड्युटी केली. आदल्या दिवशी साहित्य ताब्यात घ्यायचं, रात्र शाळेच्या बाकावर काढायची, पहाटे पाचला उठून मॉक पोल. शेवटची ड्युटी २३ एप्रिल २०१९ ची, लोकसभेची. गिरीश बापट तेव्हा पुण्यातून सव्वातीन लाखांच्या आसपास मतांनी निवडून आले आणि त्याच साली मी निवृत्त झालो.

राहतो कसबा पेठेत. आमदार मुक्ता टिळक २२ डिसेंबर २०२२ ला गेल्या आणि २६ फेब्रुवारीला आम्ही पोटनिवडणुकीच्या रांगेत उभे होतो. ६६ दिवस. त्या महिन्यात आमच्या बोळांनी इतके मंत्री पाहिले की गल्लीतल्या पोरांना त्यांच्या गाड्या नंबरावरून ओळखू यायला लागल्या. केसरीवाड्यात बापट स्वतः व्हीलचेअरवर, नाकात ऑक्सिजनची नळी लावून सभेला आले होते. ते दृश्य मला आवडलं नव्हतं, आजही आवडत नाही. पण कसब्यातून पाच वेळा आमदार झालेल्या माणसाला घरी बसवलं नसेल, हेही समजू शकतो. २ मार्चला निकाल लागला. भाजपचा गड पडला, काँग्रेसचे रवींद्र धंगेकर दहा हजारांहून जास्त मतांनी आले. २९ मार्चला बापट गेले.

आता लोकसभेची पोटनिवडणूक लागणार, असं पेठेत सगळेच धरून चालले होते. चार दिवस होत नाहीत तोच एका इच्छुकाचे ‘भावी खासदार’ असे फलक झळकले आणि पुणेकरांनी त्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. मे महिन्यात ही जागा कुणाची यावरून काँग्रेस आणि राष्ट्रवादीत जुंपली. माझी बायको तर मतदान ओळखपत्र कपाटातून काढून देवघराच्या फळीवर ठेवून मोकळी झाली. ते तिथेच राहिलं. जून गेला, गणपती आले, दिवाळी झाली.

कायदा काय म्हणतो ते अवघड नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ सांगतं, की जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत पोटनिवडणूक घ्यायची. सूट दोनच. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर, किंवा केंद्र सरकारशी सल्लामसलत करून निवडणूक आयोगाने ‘एवढ्या काळात घेणं अवघड आहे’ असं प्रमाणित केलं तर. सतराव्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती. २९ मार्च २०२३ पासून मोजा: ४४५ दिवस. पहिली सूट लागू होत नव्हती, म्हणून आयोगाने दुसरी वापरली. कारण दिलं ते असं, की यंत्रणा २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत आहे आणि निवडून येणाऱ्याला काळही फारसा मिळणार नाही.

यंत्रणा म्हणजे कोण, हे मला विचारा. यंत्रणा म्हणजे आम्ही: मास्तर, तलाठी, बँकेतले कारकून. थकतो, हे खरं आहे. खर्च होतो, हेही खरं. पण त्याच यंत्रणेने ५ सप्टेंबर २०२३ ला देशात सात विधानसभा पोटनिवडणुका घेतल्या. त्यात केरळातलं पुथुपल्ली होतं. तिथले आमदार ओमन चंडी १८ जुलैला गेले होते, म्हणजे ४९ दिवसांत मतदान. आणि पालघर आपल्याच राज्यात आहे ना? खासदार चिंतामण वनगा ३० जानेवारी २०१८ ला गेले, २८ मे रोजी मतदान झालं, त्याच दिवशी भंडारा-गोंदियातही. पालघरला लागले ११८ दिवस. पुढच्याच वर्षी सार्वत्रिक निवडणूक होती, तयारी तेव्हाही असणारच. पालघरचं माप पुण्याला लावलं तर २५ जुलै २०२३ ला मतदान होऊन नव्या खासदाराला जवळजवळ अकरा महिने मिळाले असते.

‘आता काळच कुठे उरलाय’ हे कारण मी वर्गात फार ऐकलंय. वर्षभर पुस्तक न उघडणारा पोरगा मार्चमध्ये हेच म्हणतो.

कोर्टात गेला तो एक साधा पुणेकर. १३ डिसेंबर २०२३ ला मुंबई उच्च न्यायालयात न्या. गौतम पटेल आणि न्या. कमल खाता यांच्या खंडपीठाने आयोगाची कारणं फेटाळली आणि पोटनिवडणूक ताबडतोब घ्या, असा आदेश दिला. ८ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. एवढा काळ निवडणूक का घेतली नाही, असं आयोगाला सुनावलं आणि आता उपयोग नाही म्हणून थांबवलंही. म्हणजे कान उपटले आणि पासही केलं.

कसब्यातल्या पराभवाची धास्ती बसली म्हणून निवडणूक टाळली, असं कट्ट्यावर अजून बोललं जातं. माझ्याकडे पुरावा नाही, म्हणून मी ते म्हणणार नाही. पण विरोधकांनी जागावाटपावर जेवढा आवाज केला त्याच्या निम्मा जरी निवडणुकीसाठी केला असता, तर बरं झालं असतं. चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर ३० मे २०२३ ला गेले, तिथेही पोटनिवडणूक झालीच नाही आणि पुण्यात त्याचं कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं. आमचंही नव्हतं, हे कबूल करतो.

खासदार नसल्याने काय अडलं, असं विचारणारे भेटतात. ऑगस्ट २०२३ मध्ये अविश्वास ठरावावर आवाजी मतदान झालं, सप्टेंबरमध्ये महिला आरक्षणाचं विधेयक, डिसेंबरमध्ये तीन नवे फौजदारी कायदे मंजूर झाले. पुणे मतदारसंघाचं मत कशातच नाही, ना बाजूने ना विरोधात. शिवाय महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवक नव्हते, प्रशासकाचा कारभार. शेजारच्या वहिनींच्या मुलाचं ऑपरेशन होतं. पंतप्रधान मदत निधीच्या अर्जासाठी खासदाराचं पत्र कुठे मिळेल, असं त्या मला विचारायला आल्या. खासदार कुठला सांगू? शेवटी राज्यसभेच्या एका सदस्यांकडून पत्र मिळालं. पोरगं बरं आहे आता.

१३ मे २०२४ ला आम्ही मत दिलं, ४ जूनला मुरलीधर मोहोळ निवडून आले. बापट गेल्यापासून ४३३ दिवस झाले होते.

पुढे नांदेडमध्ये काय झालं ते पाहा. खासदार वसंतराव चव्हाण २६ ऑगस्ट २०२४ ला गेले, ८६ दिवसांत विधानसभेबरोबरच पोटनिवडणूक झाली. मनात असलं की जमतं. अडचण कलम १५१-अ मधल्या दुसऱ्या सवलतीत आहे. आयोगाचं ते प्रमाणपत्र कधी काढायचं आणि लोकांसमोर ठेवायचं की नाही, याबद्दल कलम गप्प आहे. जागा रिकामी झाल्यापासून ६० दिवसांत प्रमाणपत्र कारणांसह जाहीर झालं पाहिजे, एवढी दुरुस्ती पुरे. म्हणजे कोर्टात जायचं तर वेळेत जाता येईल. या मागणीचं पत्र मी आमच्या खासदारांना टाकलं आहे. तुम्ही तुमच्या खासदारांना टाका.