मालक नसलेल्यांचा अपघात

यंत्रात कामगाराचा हात सापडला, तर नुकसानभरपाईचे दायित्व १९२३च्या कायद्याने मालकावर टाकले. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तेच तत्त्व कायम ठेवले आहे. परंतु इचलकरंजीत स्वतःच्याच चार मागांवर राबणाऱ्या खर्चीवाल्या यंत्रमागधारकाचा हात गेला तर? कायद्याच्या लेखी तोच मालक. त्याने भरपाई मागावी कोणाकडे? सूत देणारा व्यापारी कापड घेऊन जातो. जोखीम मात्र विणणाऱ्याच्याच पदरी राहते.

२०१५ची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना अपघाती मृत्यूसाठी २ लाख रुपये देते, कायमच्या अपंगत्वालाही साहाय्य करते. पण हात मोडून तीन महिने घरी बसलेल्याची चूल त्यातून पेटत नाही.

मालक निश्चित नाही म्हणून हक्कही नाही, हा युक्तिवाद महाराष्ट्राने १९६९ सालीच मोडीत काढला आहे. माथाडी कायद्याने ठरावीक मालक नसलेल्या हमालांसाठी मंडळे उभारली, व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली आणि भरपाईचा कायदाही त्यांना लागू केला. मग तोच मार्ग येथे का नको? कापडाच्या व्यापारावर लेव्ही बसवावी, यंत्रमागधारकानेही आपला अल्प वाटा घालावा आणि उपचारकाळातील भाकरी त्याला हक्काने मिळावी. ज्याच्या नफ्यात हे श्रम मुरतात, त्याने अपघाताचा भारही उचललाच पाहिजे.