व्याकरण शिकून काय मिळणार?

गुरुग्रामच्या आमच्या मराठी मंडळींत सध्या एका मुलीचा प्रश्न गाजतो आहे. प्रश्न तिच्या लग्नाचा नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इंग्रजी विषय घेऊन ती पदवीधर झाली. आता तिला दिल्ली विद्यापीठात भाषाविज्ञान घेऊन इंग्रजी वाक्यरचनेचा सैद्धान्तिक अभ्यास करावयाचा आहे. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, माझ्यासारखेच रोज पिवळ्या मार्गाच्या मेट्रोने केंद्रीय सचिवालयापर्यंत जाणारे. मुलीला त्याच गाडीने पुढे विश्वविद्यालय स्थानकावर उतरावे लागेल, इतकेच. त्यांनी चार स्नेह्यांचा सल्ला घेतला आणि चौघांनीही एकमुखाने विचारले, "व्याकरण ती शाळेतच शिकली, आता एम. ए.ला पुन्हा व्याकरण शिकून मिळणार काय?" चौघेही मला वडीलधारे आहेत. तरीही ह्या प्रश्नात जितके शब्द, जवळजवळ तितकेच गैरसमज आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळेत आपण शिकलो ते व्याकरण नव्हे, तो शिष्टाचार होता. रेन आणि मार्टिन ह्या जोडगोळीचे पुस्तक आपल्यापैकी कोणाच्या घरी नव्हते? त्यांतला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरी केलेला आणि पुढे कादंबरीकार म्हणून नाव मिळविलेला गृहस्थ. कोणते वाक्य सभ्य व कोणते असभ्य हे मुलांना सांगावे, एवढ्यासाठीच ते पुस्तक झाले आणि ते काम त्याने चोख बजावले. परंतु एखादे वाक्य बरोबर का, ह्याची चौकशी त्यात नाही. ती चौकशी विद्यापीठात होते. निदान व्हावी अशी अपेक्षा असते.

चौकशीवाचून काय होते त्याचा नमुना आपल्या टेबलावरच सापडेल. एकदा माझा मसुदा वरून परत आला तो 'विल' खोडून तेथे तांबड्या शाईने 'शॅल' लिहूनच. प्रथमपुरुषी 'शॅल' आणि इतरत्र 'विल' हा नियम मलाही पाठ होता, म्हणून मी लाजलो. पुढे कुतूहलाने शोध घेतला तेव्हा कळले की, हा नियम जॉन वॉलिस नावाच्या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने १६५३ साली आपल्या इंग्रजी व्याकरणात घातला. अनंताचे चिन्ह प्रचारात आणणारा तोच हा वॉलिस. ते व्याकरण त्याने लिहिले लॅटिनमध्ये! खुद्द इंग्रजांनी तो नियम कधीच पुरतेपणी पाळला नाही. आणि आपण दिल्लीच्या कचेरीत त्याच्यापायी एक फाईल दोन दिवस अडवून धरतो.

काळांचेही तसेच. इंग्रजीत बारा काळ असतात हे आपल्या पिढीचे पाठांतर. परंतु क्वर्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे १९८५ चे बृहद्-व्याकरण घ्या किंवा हडलस्टन व पुलम यांचे २००२ चे केंब्रिज व्याकरण घ्या. क्रियापदाच्या रूपाने दाखविले जाणारे काळ इंग्रजीत दोनच, वर्तमान आणि भूत, असे दोन्ही ग्रंथ सांगतात. भविष्याकरिता त्या भाषेला 'विल'सारख्या साहाय्यकाच्या कुबड्या घ्याव्या लागतात. आपल्या मराठीत मात्र 'जाईन', 'जाशील', 'जाईल' अशी सबंध रूपावली उभी आहे. इतकी वर्षे मराठीला दरिद्री आणि इंग्रजीला श्रीमंत मानीत आलो, ते हिशेब न तपासताच!

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा घाट त्यांच्यासमोर होता. त्यांचे उपकार मोठे आहेत. पण घाट घाटच राहिला. १९११ साली मोरो केशव दामल्यांनी 'शास्त्रीय मराठी व्याकरण' लिहून पुष्कळ उलटतपासणी केली, तरी शाळेच्या वर्गापर्यंत ती फारशी पोहोचली नाही. आमच्या मंडळाच्या रविवारच्या वर्गात एका मुलाने 'रामाने आंबा खाल्ला' ह्याचे इंग्रजी भाषांतर 'आंबा रामाकडून खाल्ला गेला' अशा अर्थाचे केले. कारण प्रयोग कर्मणी आणि कर्मणी म्हणजे 'पॅसिव्ह' असे त्याला शिकविले होते. त्यावर बरोबरची खूण पडली. खूण करणारा मीच.

वस्तुतः ह्या दोन गोष्टींचा संबंध नाही. 'रामाने आंबा खाल्ला', 'रामाने पोळी खाल्ली' ह्या वाक्यांत क्रियापद कर्माप्रमाणे फिरते. पण राम बाजूला सारला गेलेला नाही, वाक्याचा धनी तोच आहे. इंग्रजी 'पॅसिव्ह'मध्ये कर्ता धनीपणावरून उतरतो, पुष्कळदा पार दिसेनासा होतो. त्याची नक्कल म्हणून 'रामाकडून रावण मारला गेला' ही रचना आपल्याकडे आली, आणि स्पर्धापरीक्षांची पुस्तके तिला 'नवीन कर्मणी' म्हणून ओळखतात. 'सूचित करण्यात येते', 'निर्णय घेण्यात आला' ही आपल्या धंद्याची वाक्ये तिचीच भावंडे. निर्णय कोणी घेतला हे न सांगण्याची सोय झाल्यावर कोणता अधिकारी ती सोडील?

हा भेद उलगडण्यासाठी मराठीचे प्रेम पुरत नाही. वाक्यरचनेचे आजचे शास्त्र चॉम्स्कीच्या १९५७ च्या पुस्तकापासून मुख्यतः इंग्रजी वाक्ये समोर ठेवून घडले. त्या शास्त्राचा कोणता भाग माणसाच्या भाषेचा आणि कोणता नुसता इंग्रजीचा, हे ज्याला निवडून काढावयाचे आहे, त्याला इंग्रजीचे सैद्धान्तिक व्याकरण मुळापासून आले पाहिजे. अशोक केळकरांनी १९५८ साली मराठीच्या वर्णांचा आणि रूपांचा प्रबंध लिहिला तो अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात. राजेश्वरी पंढरीपांडे यांचे १९९७ चे आणि रमेश धोंगडे व काशी वली यांचे २००९ चे, अशी दोन्ही व्याकरणे मराठीची आहेत आणि लिहिलेली इंग्रजीत आहेत. ही मंडळी परक्या शास्त्राला भ्याली असती, तर आपण अजून मरे आणि नेसफील्ड यांच्याच चौकटीत मराठी कोंबीत बसलो असतो.

चौघांपैकी दोघांचा आक्षेप व्यवहाराचा. ह्या शहरात परदेशी कंपन्यांची दूरध्वनी-केंद्रे आली तेव्हापासून इंग्रजी बोलणे हा विकाऊ माल झाला आहे. गल्लोगल्ली 'स्पोकन इंग्लिश'च्या पाट्या आहेत. सैद्धान्तिक व्याकरणाने कोणी फाडफाड बोलू लागत नाही, हे मला मान्य आहे. लगेच नोकरी लागेल असेही मी म्हणणार नाही. पण आपल्यापैकी किती जणांच्या पदवीचा आपल्या टिपणी-मसुद्याशी काडीचा संबंध आहे, हेही एकदा विचारून पाहावे. तिसऱ्यांचा आक्षेप स्वाभिमानाचा: पाणिनीच्या देशातल्या मुलीने इंग्रजांचे व्याकरण कशास शिकावे? ब्लूमफील्डने १९३३ साली पाणिनीच्या व्याकरणाला मानवी बुद्धीचे एक महान स्मारक म्हटले, हे आपण अभिमानाने सांगतो. ब्लूमफील्डने अष्टाध्यायी वाचली होती. अभिमान सांगणाऱ्यांपैकी किती जणांनी ती उघडली आहे? चौथ्या गृहस्थांचे म्हणणे फक्त एवढेच होते की, मुलीने बी. एड. करावे. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मुलीच्या वडिलांना मी हे सर्व मेट्रोत उभ्या उभ्या सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "पण सरकारी जाहिरातींत ह्या पदवीला काय म्हणतात?" मी म्हटले, पाहून सांगतो.