पहिली विजेची गिटार

१९१५ सालीं खोपोलीच्या वीजगृहांतून मुंबईस वीज जाऊं लागली. आतां मुंबईहून विजेचे सूर कर्जत-खालापुरांतील घरांत शिरत आहेत. नातवानें विजेची गिटार मागितली, कीं वडीलधारी मंडळी म्हणतात, “आधीं सर्वांत स्वस्त घेऊं, टिकला तर पुढें पाहूं.” यांत काटकसर दिसते, पण मुलावर अन्याय होतो. अगदीं हलक्या वाद्याच्या तारा पडद्यांपासून बहुधा उंच असतात. बोटें दुखतात, सूर टिकत नाहीं, मुलगा वाद्य खुंटीस टांगतो आणि आपण त्याच्या चिकाटीला दोष देतों.

नवशिक्याची आवड ठरलेली नसते. म्हणून गिटार अनेक ढंगांस पुरेल अशी असावी. तारांचें कंपन पिकअप टिपतो. एकेरी वेटोळ्याच्या पिकअपचा आवाज स्वच्छ. दुहेरीचा, म्हणजे हंबकरचा, भरदार आणि त्यांत विजेची गुणगुण कमी. घोडीजवळ हंबकर व दांडीकडे दोन एकेरी पिकअप असले, म्हणजे दोन्ही हौशी भागतात. दुकानांत यास ‘एचएसएस’ म्हणतात. घोडी स्थिर असावी; झुलत्या घोडीवर सूर लावणें नवशिक्यास जिकिरीचें जातें. घेतांना जाणत्याकडून वाजवून पाहावी व तारांची उंची बसवून घ्यावी.

अँप्लिफायर लहान, पण हेडफोन जोडतां येईल असा घ्यावा, म्हणजे आजोबांच्या संध्येस व्यत्यय नको. पावसाळ्यांत तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्यानें पुसाव्या.

इतकें करूनहि मुलानें गिटार सोडली, तर खुशाल बोल लावावा, त्याआधीं नव्हे.