डीएनएस बदलण्याआधी मोजून पाहा

ग्राहकाने 'नेट स्लो आहे' म्हटले की राउटरमध्ये लॉगिन करायचे, डीएनएसच्या रकान्यात ८.८.८.८ टाकायचे आणि पुढच्या कॉलला निघायचे, ही रीत आपल्या क्षेत्रात अंगवळणी पडली आहे. गुगलची ही सेवा २००९ची, क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ची. दोन्ही भरवशाच्या आहेत. तरीही न तपासता सरसकट त्या लावत सुटणे आम्हाला पटत नाही.

डीएनएसने लाइनचा स्पीड वाढत नाही. पान उघडताना नावावरून आयपी पत्ता मिळेपर्यंत जो खोळंबा होतो, तेवढाच कमी होतो. इंटरनेट कंपनीचा रिझॉल्व्हर रडतखडत चालत असेल, तर हा फरक ग्राहकालाही जाणवतो, कारण एकेका पानामागे कितीतरी वेगवेगळी डोमेन असतात.

खरी मेख पुढे आहे. व्हिडिओ आणि मोठ्या साइट्सचा मजकूर सीडीएनवरून येतो, आणि कोणता सर्व्हर जवळचा हे अनेक सीडीएन प्रश्न विचारणाऱ्या रिझॉल्व्हरच्या जागेवरून ठरवतात. गुगल ग्राहकाच्या आयपीचा काही भाग पुढे कळवू शकते. क्लाउडफ्लेअर गोपनीयतेसाठी तो सहसा कळवत नाही. त्यामुळे नाव चटकन सापडते, पण फाइल लांबच्या सर्व्हरवरून येते, असेही घडते.

म्हणून ग्राहकाच्याच लाइनवरून 'डिग' चालवा. एकच नाव कंपनीच्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही रिझॉल्व्हरना दोनदा विचारा. दुसऱ्या खेपेला उत्तर बहुधा कॅशमधून येते, तेव्हा 'क्वेरी टाइम'मध्ये जवळपास निव्वळ जाण्यायेण्याचा वेळ दिसतो. मग मिळालेले आयपी पत्ते ताडून पाहा आणि दोन्हींना पिंग करा. नाव शोधण्यात वाचलेले दहा मिलिसेकंद पिंगमध्ये चाळीसने वाढून परत येत असतील, तर बदल करू नका.

ऑफिसात तर जास्तच जपून. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतल्या पीसीवर थेट बाहेरचा डीएनएस टाकला की त्याला डोमेन कंट्रोलर सापडत नाही आणि लॉगिन अडकते. तिथे पीसीला हात लावू नका. सर्व्हरवर फॉरवर्डर बदला.

आणि छोट्या इंटरनेट कंपन्या चालवणाऱ्या आमच्या वाचकांना कळकळीची विनंती: स्वतःच्या नेटवर्कमध्ये 'अनबाउंड'सारखा मोफत रिझॉल्व्हर नीट बसवा, त्याच्या कॅशवर लक्ष ठेवा आणि चुकीच्या नावाला जाहिरातीचे पान दाखवू नका. ग्राहक बाहेरचा डीएनएस शोधतो, तो बहुतेक वेळा आपला बिघडलेला असतो म्हणून.