वाफेचे इंजीन आणि त्याचे छायाचित्र

आमच्या वारूळवाडीस रेल्वे नाही. खोडदच्या रेडिओ-दुर्बिणी जवळ आहेत, पण आगगाडी पाहावयाची तर दूर जावे लागते. तथापि आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने पृच्छा केली आहे की, तो सहकुटुंब दार्जिलिंगला जात असून तेथे अद्याप धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांची छायाचित्रे उत्तम कशी घ्यावीत? या विद्येत आम्ही पंडित नव्हे. परंतु एक चूक आमच्या पदरी आहे, तेवढाच आमचा अधिकार.

प्रथम धुराविषयी. पर्वतावरील धुरावरून अग्नीचे अनुमान करणाऱ्या नैयायिकाने बाष्पासच धूर मानले तर त्याचा हेतू असिद्ध ठरतो. इंजिनापाशी हाच विवेक हवा. काळा लोट कोळशाच्या धुराचा. शुभ्र लोट गार हवेत थिजलेल्या बाष्पकणांचा. हवा जितकी थंड तितका तो दाट, म्हणून हिवाळ्यातील सकाळ साधावी. इंजीन सुटताना वा चढण चढताना त्याचा उच्छ्वास भरदार असतो; उतारावर तो क्षीण होतो.

दुसरी गोष्ट प्रकाशाची. माध्यान्ही इंजिनाची चाके व दांडे छायेत बुडतात. सूर्य खाली असता तिरपे किरण तेथवर पोचतात. काळ्या देहाने चौकट भरली की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक फसतो, चित्र फिके होते व शुभ्र लोटातील घड्या नाहीशा होतात. अशा वेळी प्रकाश किंचित कमी द्यावा. चाके जोडणारा दांडा खाली आला असता आरे मोकळे दिसतात. तो क्षण टिपावा. मात्र रुळांत उभे राहू नये. कोणतेही चित्र प्राणाहून मोलाचे नाही.

आता आमची चूक. नेरळ–माथेरान गाडी इ. स. १९०७ मध्ये सुरू झाली. रूळ दोन फुटी, चढण काही ठिकाणी वीस फुटांस एक फूट. वळणे इतकी आखूड की, ओरेन्स्टाइन आणि कोपेल या जर्मन कारखान्याने इंजिनांचे आसही बाजूस सरकतील असे घडविले होते. ही इंजिने १९८२ मध्ये निवृत्त झाली. त्यापूर्वी काही वर्षे वडिलांनी आम्हांस मुद्दाम नेरळास नेले. उसना कॅमेरा, बारा चित्रांची रीळ. वडील इंजिनाशेजारी उभे राहून कोळसेवाल्याशी बोलत होते. चौकटीत माणूस नको, या हट्टाने आम्ही म्हणालो, “अण्णा, जरा बाजूस व्हा.” ते मुकाट्याने झाले.

बाराही चित्रे स्वच्छ आली. परंतु पाहणारा प्रत्येक जण विचारतो, “इंजीन केवढे होते हो?” शेजारी मनुष्य नसल्याने त्या चिमुकल्या इंजिनाचे मानच कळत नाही. त्यांपैकी एक इंजीन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. त्याचे चित्र आजही कोणासही घेता येईल. अण्णांचे त्या दिवसाचे चित्र मात्र आमच्यापाशी एकही नाही.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यास इतकेच सांगणे की, सकाळ साधावी, चढण निवडावी, प्रकाश जपून द्यावा. आणि निदान दोन चित्रांत फावडे घेतलेला कोळसेवाला व बरोबर आलेली आपली माणसे इंजिनाशेजारी उभी असू द्यावीत.