प्रत कोणती?

संगणक म्हणजे शास्त्रशाखेचा प्रांत. त्यात बिघाड झाला की आपण कलाशाखेच्या मंडळींनी हात वर करावेत आणि जाणकाराला बोलवावे, अशी एक समजूत आपल्यात रूढ आहे. मला ती मुळीच मान्य नाही. लिनक्सवर वारंवार आढळणाऱ्या एका बिघाडाच्या आधारे माझे म्हणणे मांडतो.

लिनक्सचा गाभा म्हणजे कर्नल. हेलसिंकीतील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो जगापुढे ठेवला. पडदा, वायफाय इत्यादी उपकरणे चालविणारे ड्रायव्हर या गाभ्याला मॉड्यूलच्या रूपाने जोडले जातात. दोहोंचीही मूळ संहिता माणसाला वाचता येते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करतो तो कंपायलर. कर्नलसोबत आलेल्या मॉड्यूलांची चिंता नसते. बाहेरून आणलेले मॉड्यूल मात्र प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा घडवावे लागते, आणि घोटाळा होतो तो इथेच.

उबुंटूच्या २२.०४ या आवृत्तीचे उदाहरण घ्या. तिच्यातील नेहमीचा कंपायलर जीसीसी ११. २०२४ च्या आरंभी तिच्या अनेक वापरकर्त्यांकडे ६.५ क्रमांकाचा कर्नल आला. तो मात्र जीसीसी १२ ने घडविलेला. मॉड्यूल घडविताना या कर्नलची एक सूचना असे : नवे चल रिकामे न सोडता त्यात शून्य भरावे. अकराव्या आवृत्तीला ही सूचनाच ठाऊक नव्हती. 'हा पर्याय ओळखीचा नाही' एवढे सांगून ती थांबे आणि ड्रायव्हर घडतच नसे. उपाय किती? जीसीसी १२ बसवावा आणि मॉड्यूल पुन्हा घडवावे. पण नोंदवहीतील ती एक ओळ न वाचता माणूस ड्रायव्हर उपटतो, सगळी प्रणाली नव्याने बसवितो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कित्येकदा मॉड्यूल घडते, पण असते जुन्या कर्नलसाठी. मग कर्नल ते नाकारतो. यावर जबरदस्तीने जोडण्याची सोय आहे आणि ती वापरण्याचा मोह होतो. माझे स्पष्ट मत असे की, हा मोह टाळावा. कर्नलच्या दोन आवृत्त्यांत माहितीची अंतर्गत मांडणी वेगळी असू शकते. मॉड्यूल गाभ्याच्या आतच वावरते. ते चुकीच्या जागी लिहू लागले तर त्याला अडविणारे कोणी नसते. यंत्र कोसळते, प्रसंगी साठविलेले कामही जाते. तेव्हा तो नकार हा यंत्राचा हट्ट नसून आपल्यावरचा उपकार आहे.

संदेश रूक्ष असतात, इंग्रजीत असतात, ही तक्रार रास्त आहे. पण त्यांत विचारलेला प्रश्न आपल्या ओळखीचा नाही काय? एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली, हे आपण वर्गात शिकतो. प्रत कोणती, कोणत्या हाताची, पाठ कोठे भिन्न, हे विचारल्यावाचून ग्रंथाचा अभ्यास होत नाही. इथेही प्रश्न तेच. चालू कर्नल कोणता? यूनेम सांगेल. मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी घडले? मॉडइन्फो सांगेल. कर्नल कोणत्या कंपायलरने घडविला आणि आपल्याजवळ कोणता आहे? तेही यंत्रात लिहिलेले असते. उत्तरे शेजारी शेजारी मांडली की पाठभेद आपोआप नजरेस येतो.

मित्रहो, ज्याला संहिता काळजीपूर्वक वाचता येते, त्याने यंत्रापुढे न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. पुढच्या वेळी पडदा अंधारला तर जाणकाराला खुशाल बोलवा. पण त्याआधी ती ओळ एकदा वाचा आणि विचारा, प्रत कोणती?